सारंगांची सुकी गोदी

आमच्या बिल्डिंगीतले मयेकर सारंग कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी ती ठोकून बघतात. नारळ सगळेच ठोकतात, फणसही. सारंग गॅसचा सिलिंडर ठोकतात, नवं दार ठोकतात, पार्किंगमधले खांब ओळीने ठोकत जातात. उजव्या हाताची दोन बोटं दुमडायची, तीनदा टकटक करायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. 'खणखणीत' किंवा 'बद्द'. सोसायटीच्या अध्यक्षांनी नवी गाडी घेतली तेव्हा पेढा उचलण्याआधी सारंगांनी बॉनेट ठोकलं. "बद्द वाजतंय ओ. पत्र्याचा डबा हाय." अध्यक्षांनी पेढ्यांचा पुडा मिटला. माझ्या भावाचा पाय मोडला होता तेव्हा सारंग भेटायला आले आणि प्लास्टर ठोकलं. भाऊ ओरडला. "खणखणीत," सारंग म्हणाले. "आवाज जोरात आला म्हंजे माणूस बरा हाय."

सारंग हा हुद्दा. मालवाहू जहाजाच्या डेकवरच्या खलाशांचा मुकादम तो सारंग. वसंत मयेकर एकोणिसाव्या वर्षी खलाशी म्हणून बोटीवर चढले आणि चौतीस वर्षांनी सारंग म्हणून उतरले. उतरल्यानंतर मांडवीजवळच्या आमच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले, पण पूर्ण उतरले असं म्हणता येणार नाही. त्यांचं स्वयंपाकघर गॅली, गॅलरी म्हणजे डेक, आणि त्यांच्या पत्नी सुलभावहिनी कॅप्टन. "कॅप्टनला विचारतो," असं म्हणून ते आत जातात आणि बहुधा नकार घेऊन बाहेर येतात.

जहाजावर सारंगाचं निम्मं आयुष्य गंजाशी भांडण्यात जातं. त्यामुळे जगातल्या सर्व दुखण्यांवर मयेकरांचा उपाय एकच होता : "खरवडा, पुसा, तेल मारा." बिल्डिंगीचं फाटक, टपालपेट्या, गच्चीवरचा जिना या क्रमाने त्यांनी खरवडलं. माझ्या स्कूटरचा गंज त्यांनी मला न विचारता काढला. गंजाबरोबर नंबरही निघाला.

हे सांगायचं कारण, याच उपायाने एक कासव मरायला टेकलं होतं.

कासव सुलभावहिनींचं. पहिल्या मजल्यावर बँकेतलं एक कुटुंब राहायचं. त्यांची बदली झाली आणि जाताना त्यांनी काचेची टाकी आणि आतलं तळहाताएवढं कासव वहिनींकडे ठेवलं. डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेलं, दुकानात मिळणारं परदेशी कासव. वहिनींनी त्याचं नाव ठेवलं चिंगी. सारंगांना हा प्रकार पसंत नव्हता. "धड म्हावरं नाय, धड जनावर नाय. खाऊन-खाऊन नुसतं बघत ऱ्हातं." वहिनी म्हणायच्या, "तुम्ही तरी दुसरं काय करता?"

दोन वर्षं गेली. चिंगी थाळीएवढी झाली. गेल्या जूनच्या अखेरीस वहिनी धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी मस्कतला निघाल्या, तीन महिन्यांकरता. निघताना त्यांनी सारंगांना एकच काम सांगितलं. "अहो, चिंगीला सांभाळा. बाकी घर तसंच पडलं तरी चालेल." पाणी कधी बदलायचं, खायला किती घालायचं, हाताळल्यावर साबणाने हात कसे धुवायचे, हे सगळं त्यांनी टाकीवर कागद चिकटवून लिहिलं. सारंगांनी कागद वाचला आणि ठोकला.

नवव्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं. चिंगीच्या पाठीवरून पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटत होते.

"बघा. रंग पोपडलाय," सारंग म्हणाले.

"हा रंग नाही, सारंग. कासव आहे."

"माहीत हाय ओ मला. पण खाली गंज धरलेला असणार. आत्ता नाय काढला तर पसरेल."

मला दुपारी कामावर जायचं होतं. मी गेलो. त्या दुपारी सारंगांनी कलथ्याच्या कडेने चिंगीची पाठ खरवडली. सुटलेलं निघालंच, न सुटलेलंही निघालं. मग पुसली. मग खोबरेल तेल मारलं आणि तिला पाण्यात सोडलं. संध्याकाळी त्यांनी मला अभिमानाने दाखवलं. कासव दिवाळीतल्या समईसारखं चकचकत होतं.

आठवड्याने पाठीच्या डाव्या बाजूला पांढुरका डाग दिसला. दहाव्या दिवशी तो दाबला की बोट आत जात होतं आणि घरात सुकटीच्या पाटीत पाणी गेल्यासारखा वास येत होता. सारंगांनी डागावर ठोकलं. निकाल दिला नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाय, म्हैस, बकरी इथपर्यंत आपली हद्द आहे, असं प्रामाणिकपणे सांगितलं आणि कुवारबावला कुत्र्या-मांजरांच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. मी सोबत गेलो. सारंगांनी चिंगीला माशांच्या खोक्यात, टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. डॉक्टरांनी तिला उलटसुलट करून पाहिलं, डागाजवळ नाक नेलं, मग विचारलं, "काका, हे खरवडलंय कुणी?"

"पापुद्रा सुटला होता, मॅडम."

"कांद्याच्या सालीसारखा? पातळ, आरपार दिसणारा?"

"होय."

"मग ती वाढत होती. कात टाकतात तसं. ते आपोआप गळतं, हात लावायचा नसतो. कापसासारखं पांढरं दिसलं तर बुरशी. मऊ लागलं, खड्डा पडला, वास आला तर कवच कुजतंय. आणि कातडीवर, पोटावर लाल चट्टे आले तर विष रक्तात गेलंय, ताबडतोब यायचं. यातलं पहिलं दुखणंच नव्हतं. तुम्ही तिला दुसऱ्या-तिसऱ्यापर्यंत आणलंत. वरून तेल लावून ओल आत कोंडलीत."

"जहाजाला आम्ही असंच…"

"काका, हे जहाज नाही. हे हाड आहे. जिवंत. आत रक्त खेळतं. तुम्ही नखाखाली कलथा घालून खरवडलंत, असं समजा."

सारंगांनी स्वतःची दोन बोटं दुसऱ्या हातात धरली. चौतीस वर्षांत त्यांना कुणी गंजाविषयी शिकवलं नसावं.

डॉक्टरांनी आयोडीनचं तपकिरी औषध लिहून दिलं. पाण्यात घालून फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं करायचं, मऊ ब्रशने हलक्या हाताने लावायचं, वाळू द्यायचं. मग भाजल्यावर लावतात ते पांढरं मलम. "आणि हिला ड्राय डॉक करा," त्या म्हणाल्या.

सारंग उठून उभे राहिले.

"काय म्हणालात?"

"ड्राय डॉक. पाण्याबाहेर, कोरडं, उबेत ठेवायचं. दिवसातून एकदा तासभर उथळ पाण्यात सोडा, पाणी पिण्यापुरतं आणि खाण्यापुरतं. या जातीला पाण्याबाहेर घास गिळता येत नाही. याला तसंच म्हणतात."

"सुकी गोदी!" सारंग माझ्याकडे वळून म्हणाले. "अहो, मग आधी सांगायचं ना! कोलंबोला तीन वेळा, सिंगापूरला दोन वेळा जहाज दुरुस्तीला चढवलंय मी सुक्या गोदीत."

परत येताना रिक्षात ते जवळजवळ आनंदी होते. त्यांना आता कामाची भाषा सापडली होती.

त्या दिवसापासून डेकवर, म्हणजे गॅलरीत, सुकी गोदी उभी राहिली. प्लास्टिकचं घमेलं, तळाला टॉवेल, वर डॉक्टरांनी सांगितलेला दिवा, कडेला अंधार हवा म्हणून अर्धं कापलेलं खोकं आणि एक थर्मामीटर. बत्तीस अंश. तेहेतीस झाले की सारंग दिवा वीतभर वर घ्यायचे, एकतीस झाले की खाली. दारावर खडूने लिहिलं : 'जहाज गोदीत आहे. कामाशिवाय येऊ नये.' पेपर टाकणाऱ्याने मला विचारलं, "वरच्या काकांनी बोट घेतली काय?"

अडचण एकच होती. महिना जुलै होता. रत्नागिरीत जुलैमध्ये पापड वाळत नाहीत, रुमाल वाळत नाहीत. कासव वाळवायचं होतं. त्यात लाइट जायची. पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा सारंगांनी घमेलं उचललं आणि नाक्यावरच्या हनीफभाईंच्या बेकरीत जाऊन भट्टीपासून पाच हातांवर बसले, थर्मामीटर डोळ्यांपुढे धरून.

"सारंग, गिऱ्हाईक विचारतंय, हा नवीन पाव कसा दिला?" हनीफभाई गल्ल्यावरून ओरडले.

"सांगा, अजून भाजायचाय!"

"वहिनींना कळलं तर तुम्हालाच भट्टीत घालतील."

यावर सारंग हसले नाहीत. कारण वहिनींना कळलेलं नव्हतं.

मस्कतहून रोज दुपारी चारला व्हिडिओ कॉल यायचा. मुलगी कशी आहे, पाऊस कसा आहे, जेवलात का, हे झालं की वहिनी म्हणायच्या, "चिंगी दाखवा." सारंग तिची उजवी बाजू दाखवायचे. एकदा वहिनींनी विचारलं, "पाण्याबाहेर कशी?" सारंग म्हणाले, "ऊन खातेय." गॅलरीबाहेर पाऊस असा कोसळत होता की त्यांना ओरडून सांगावं लागलं. फोन ठेवल्यावर सारंग मला म्हणाले, "बाईने जन्मात एकच काम सांगितलं ओ. एकच."

डाग पसरायचा थांबला. दहा दिवसांत तो वाळला, वास गेला. पण चिंगी खात नव्हती. वहिनींच्या कागदावर लिहिलेलं दाणेदार खाद्य पाण्यावर तरंगत राहायचं. पालक घातला, तोही तरंगला. सारंग घमेल्यासमोर स्टूल टाकून बसायचे. "खा गो बाय," म्हणायचे. पूर्वी ते तिला 'ए म्हावऱ्या' म्हणत. तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "जखम चांगली आहे. पण सोमवारपर्यंत खाल्लं नाही, तर नळीने घालावं लागेल. अशक्त झाली आहे. मी खात्री देत नाही."

शनिवारी माझी सुटी होती. दुपारी वर गेलो. सारंगांचा फोन नुकताच झाला होता, नेहमीपेक्षा लवकर, कारण मुलीला दवाखान्यात दाखवायला न्यायचं होतं. ते घमेल्यासमोर बसले होते. चिंगी कोरड्या टॉवेलावर होती.

"आज काय बोललो माहीत हाय?" ते म्हणाले. "तिने विचारलं, चिंगी कशी हाय. मी म्हटलं, सर्व खुशाल."

त्यांनी फोन मांडीवर उलटा ठेवला.

"तोंडातनं गेल्यावर ऐकलं मी. हे माझं बोलणं नाय. हे तिचं. मी बोटीवर असताना तिची पत्रं यायची. ह्या बंदरात नाय तर पुढच्या. एक पत्र नाय की ज्यात शेवटी लिहिलं नाय, इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी. मी खलाश्यांना वाचून दाखवायचो. म्हणायचो, बघा, मयेकरांच्या घरात काय होतच नाय." त्यांनी थर्मामीटर पाहिला. बत्तीस. दिवा तरीही वर घेतला, परत खाली घेतला. "एवढी वर्षं काय होतच नव्हतं काय ओ?"

हा प्रश्न मला नसावा. त्यांनी फोन उचलला आणि स्वतः लावला. ते कधी लावत नाहीत. कॉल नेहमी तिकडून येतो.

"काय झालं?" वहिनींनी आधी हेच विचारलं.

"चिंगी आजारी हाय. तीन आठवडे झाले. मी खरवडलं तिला. माझ्यामुळे झालं." मग त्यांनी कॅमेरा डाव्या बाजूवर धरला. खड्डा, मलम, सगळं.

मी वहिनींच्या ओरडण्याची वाट पाहिली. त्यांनी डाग नीट पाहिला. "वाळलंय की," त्या म्हणाल्या. "खातेय का?"

"नाय."

"दाणे नका घालू. कोळंबी सोलून, बारीक करून घाला. कच्ची. डोकं काढा. आणि समोर बसून बघत राहू नका, ती लाजते."

कोळंबी फ्रिजमध्ये होती, सारंगांच्या स्वतःच्या कालवणासाठी. मी सोलायला बसलो. सारंगांनी टॉवेल काढून घमेल्यात उथळ पाणी घातलं आणि चिंगीला त्यात ठेवलं, मी तुकडे आत टाकले. वहिनींनी सांगितल्याप्रमाणे सारंगांनी स्टूल फिरवलं आणि घमेल्याकडे पाठ करून बसले. फोन हातातच होता.

"ठेवू का मग?" वहिनींनी विचारलं. "दवाखान्याला निघायला अजून अर्धा तास आहे."

"सुलभा."

"काय?"

"तू पत्रात सर्व खुशाल लिहायचीस, तेव्हा काय काय झालं होतं गो?"



"कुठल्या पत्रात?"

"सगळ्याच."

वहिनी हसल्या. "अर्ध्या तासात नाही व्हायचं ते."

"होईल तेवढं सांग."

"मोठीला गोवर आला होता, ते सांगू आधी? की विहिरीत सासूबाई घसरल्या ते?"

"विहिरीत?" सारंग म्हणाले. "आई? कधी?"

"तुम्ही सिंगापूरला होतात. दोरीला धरून होत्या पाऊण तास. मी पोटुशी होते, आणि वाडीत पुरुषमाणूस एक नव्हता…"

सारंग फोनवर वाकले. त्यांची मान तिरकी झालेली नव्हती, ते सरळ, दोन्ही हातांनी फोन धरून ऐकत होते. त्यांच्या पाठीमागे घमेल्यात पाणी हललं. चिंगीने मान लांब केली, तुकड्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडून तो ओढला. मग दुसरा.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण सारंग विहिरीजवळ पोचले होते. मी हात धुतले, साबणाने, आणि दार हळूच ओढून घेतलं.