पाणीसाहेबांनी पाणी पिऊन दाखवलं

"तुमच्या पाण्यानं माझ्या गिऱ्हाइकांच्या केसांचा पार काथ्या झालाय," बायको म्हणाली.

पाणीसाहेब आरशासमोर दाढी करत होते. ते शहराच्या पाणीपुरवठा खात्याचे जनसंपर्क अधिकारी. इमारतीत सगळे त्यांना पाणीसाहेब म्हणत. समोर असले की आदरानं, पाठ वळली की हसून. बायकोचं पार्लर तळमजल्यावर होतं. मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती झाल्यापासून खात्यानं पाण्यात सढळ हातानं क्लोरीन घालायला सुरुवात केली होती. नळ सोडला की नुकत्याच पुसलेल्या दवाखान्यात शिरल्यासारखं वाटे. पार्लरमध्ये बाया केस धुवून घ्यायच्या आणि डोक्यावर झाडू घेऊन घरी जायच्या.

"वास येतो म्हणजे पाणी निर्जंतुक आहे," पाणीसाहेब फेसाआडून म्हणाले. हे वाक्य त्यांनी फोनवर इतक्यांदा ऐकवलं होतं, की आता ते त्यांच्या तोंडून आपलं आपणच बाहेर पडत असे.

"हे फोनवरच्या लोकांना सांगा. मी बायको आहे तुमची. सरळ एक फिल्टर बसवून घेते."

"खुळी आहेस का? पाणीखात्याचा अधिकारी घरात फिल्टर बसवतो? हेडबाईंना कळलं तर?"

हेडबाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि इमारतीच्या सेक्रेटरी. शाळा सुटली होती, पण बाईंची सुटली नव्हती. जिन्यात कुणी जोरात हसलं तरी त्या दार उघडून "कोण ते?" विचारत.

"मग काढा ना तुम्हीच क्लोरीन. तुमच्याच खात्यानं घातलंय," बायको म्हणाली आणि खाली निघून गेली.

पाणीसाहेबांनी मोबाइल काढला. पाणी उघड्या भांड्यात भरून ठेवलं की क्लोरीन आपोआप उडून जातं, असं त्यात लिहिलं होतं. एवढं सोपं? त्यांनी घरातली पातेली, बादल्या, टब, कुकर, झाडांना पाणी घालायची झारी, सगळं भरून खोल्याखोल्यांतून मांडलं. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले. क्लोरीन ठरल्याप्रमाणे उडालं, पण उडून जाणार कुठे? घराची पोहण्याच्या तलावावरची कपडे बदलायची खोली झाली. दुपारी बायको जेवायला वर आली, डोळे चोळत दोन पावलं चालली आणि तिचा पाय थेट टबात गेला.

"आता हवेतलं क्लोरीन कसं काढायचं तेही बघा मोबाइलमध्ये!" ओला पाय झटकत ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाणीसाहेब कार्यालयातल्या प्रयोगशाळेत सहज डोकावल्यासारखे गेले. तिथल्या केमिस्टबाई परीक्षानळी उजेडाकडे धरून बसल्या होत्या.

"एक नागरिक विचारत होता," पाणीसाहेब म्हणाले, "पाण्यातलं क्लोरीन झटपट काढायचं असेल तर?"

"क जीवनसत्त्व घाला म्हणावं. चिमूटभर पुरतं."

पाणीसाहेब तेवढं ऐकून वळलेसुद्धा. "साधी पावडर हं, चघळायच्या गोळ्या नकोत," हे बाईंनी त्यांच्या पाठीला सांगितलं. पाठीनं ते पुढे कळवलं नाही. आणि औषधाच्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या डोक्यातली चिमूटही गळून पडली होती. ते चघळायच्या गोळ्यांच्या बाटल्या पिशवीभर घेऊन आले. संत्र्याच्या स्वादाच्या.

भांड्याभांड्यांत कशाला घालत बसायचं? रोग मुळापाशीच बरा करावा, या विचारानं त्यांनी सुट्टीच्या सकाळी सगळ्या गोळ्या मिक्सरमधून काढल्या आणि पिशवी शर्टाखाली लपवून गच्ची गाठली. तिथल्या टाकीतून सगळ्या इमारतीला पाणी जाई. त्या दिवशी टाकी जवळजवळ तळाला गेली होती. पाणीसाहेबांनी भुकटी आत ओतली, काठीनं ढवळली. पाण्याला रंग आलेला त्यांना दिसला. पण विरघळल्यावर जाईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. लोकांची समजूत घालण्यात उभा जन्म गेलेला माणूस. स्वतःची घालायला कितीसा वेळ लागणार?

त्याच वेळी खाली पार्लरमध्ये हेडबाई डोकं मागे टाकून बेसिनपाशी बसल्या होत्या. बायकोनं नळ सोडला.

"हे काय लावलंस गं?" हेडबाईंनी नाक उडवलं. "गोळ्या-चॉकलेटांसारखा वास येतोय."

"काही नाही हो बाई. साधं पाणीच आहे."

हेडबाई उठून आरशात बघायला गेल्या. ज्या पांढऱ्याशुभ्र डोक्यापुढे गावातली दांडगी पोरं चळचळ कापली होती, त्या डोक्यावर नारिंगी छटा चढली होती. बाईंनी टॉवेल गुंडाळला, त्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या आणि मजल्यामजल्याची हजेरी घेतली. सगळ्यांच्याच नळाला नारिंगी पाणी! कुणी म्हणालं गंज, कुणी म्हणालं कारखान्याचं रसायन. हेडबाईंनी तक्रारीचा क्रमांक फिरवला. सुट्टीच्या दिवशी तो फोन पाणीसाहेबांच्या मोबाइलवर येई. पाणीसाहेब न्हाणीघरात नारिंगी झालेली बोटं घासत होते. हेडबाईंचा आवाज त्यांना एका कानानं फोनमधून आणि दुसऱ्या कानानं खिडकीतून ऐकू आला.

"पाणीखातं का? आमच्याकडे पाण्याला वास येतोय!"

"वास येतो म्हणजे पाणी निर्जंतुक..."

"अहो, संत्र्याचा येतोय!"

पाठोपाठ खात्याच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच गेली होती. पाणीसाहेब सगळं कबूल करायच्या बेतात होते, पण मोठे साहेब समोरच्याला बोलू देण्यासाठी प्रसिद्ध नव्हते.

"तुमच्याच इमारतीत? शाब्बास! वर्तमानपत्रवाले निघालेत तिकडे. मी पोचतोच. तोवर सगळ्यांसमोर ते पाणी पिऊन दाखवा. का, घाबरलात?"

पाणीसाहेब मुळीच घाबरले नव्हते. सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांना पाण्यात नेमकं काय आहे हे ठाऊक होतं. ते अंगणात उतरले. फोटोग्राफरकडे तोंड करून त्यांनी एक ग्लास रिकामा केला, मिशी पुसली आणि दुसरा मागितला.

"गोडसर आहे," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. हेडबाईसुद्धा टॉवेल सावरत म्हणाल्या, "असा अधिकारी बघितला नव्हता हो! बोलतो ते करून दाखवतो."

बायको मात्र ग्लासाकडे बघत नव्हती. ती ग्लास धरलेल्या बोटांकडे बघत होती.

"अहो," ती जवळ येऊन पुटपुटली, "मिक्सरला काय चिकटलंय ते मला आत्ता कळलं."

"हळू बोल. फोटो काढतायत."

मोठे साहेब केमिस्टबाईंना घेऊन आले. बाईंनी नमुन्यात औषधाचे थेंब टाकून बघितले आणि मान हलवली. "क्लोरीन अजिबात नाही."

"नाही? अहो, आपण एवढं ओततोय आणि इथे नाही? म्हणजे वाटेत गटार शिरलंय पाइपात!"

केमिस्टबाईंनी पाण्याचा वास घेतला, मग पाणीसाहेबांकडे बघितलं. पाणीसाहेब ढगांकडे बघत होते.

"साहेब, मला वाटतं..."

"ही वाटण्याची वेळ नाही, बाई! खणा रस्ता!"

रस्ता खणला. पाइप ठणठणीत निघाला. त्याच्या शेजारची टेलिफोनची तार तेवढी तुटली. गटार सापडलं नाही म्हणजे ते चलाखीनं लपलंय, असा निष्कर्ष काढून मोठ्या साहेबांनी त्या भागातलं क्लोरीन दुप्पट करायचा हुकूम सोडला. आता पार्लरमध्ये बायको गॉगल लावून केस धुवू लागली. नवऱ्याशी ती बोलत नव्हती. काही हवं असलं तर भांडी आपटत होती.

इकडे वर्तमानपत्रात पाणीसाहेबांचा ग्लास तोंडाला लावलेला फोटो झळकला. मोठे साहेब खूश झाले.

"लोकांचा विश्वास बसतो हो अशानं. यापुढे जिथे तक्रार, तिथे तुम्ही जायचं आणि पाणी पिऊन दाखवायचं."

"साहेब, ते पाणी जरा वेगळं होतं."

"वेगळं कसं? शहरात सगळीकडे एकसारखं पाणी येतं, असं तुम्हीच सांगता ना लोकांना?"

पहिली तक्रार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतून आली. बोळात ही गर्दी. फोटोग्राफर हजर. एका बाईनं नळाखाली ग्लास धरला आणि पाणीसाहेबांच्या हातात दिला. पाणी गढूळ होतं आणि त्यात काहीतरी तरंगत होतं. काय ते विचारायचा धीर त्यांना झाला नाही. त्यांनी ग्लास नाकाशी नेला. क्लोरीनच्या त्या खमंग, आपलेपणाच्या वासासाठी त्यांनी छाती भरून श्वास घेतला. दुसराच वास आला.

"प्या ना साहेब," बाई म्हणाली. "आम्ही महिनाभर पितोय. पोरं आजारी पडली. तुमच्या ऑफिसात फोन केला की कुणीतरी सांगतं, पाणी निर्जंतुक आहे म्हणून."

पाणीसाहेबांनी ग्लास ओठाला लावला. कॅमेरा वर झाला. ग्लास तसाच खाली आला. फोनवरचं ते वाक्य तरी आधाराला यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर निघालं भलतंच.

"ताई, हे पिऊ नका," ते म्हणाले. "कुणीच पिऊ नका. हे पाणी खराब आहे."

खात्याचा माणूस असं म्हणाला, यावर कुणाचा विश्वास बसेना. मग ती बाई आत गेली आणि त्यांना बसायला खुर्ची घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य छापून आलं आणि खातं वाऱ्याच्या वेगानं कामाला लागलं. संध्याकाळपर्यंत त्या वस्तीतला पाइप बदलला, आणि पाणीसाहेबही बदलले. त्यांना उद्यान विभागात पाठवलं.

घरी बायकोनं आदेश दोनदा वाचला. बऱ्याच दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली.

"खरं बोललात म्हणून बदली?"

"छे गं," पाणीसाहेब म्हणाले. "नीट वाच. प्रशासकीय कारणास्तव आहे."