नाडकर्णी डॉक्टरांची टिपबंदी

लंडनच्या कोरियन वस्तीत, न्यू मॉल्डनच्या हाय स्ट्रीटवर सत्तरीतला एक मराठी गृहस्थ एखाद्या धिप्पाड गोऱ्याच्या मागे "एक्स्क्यूज मी!" असं ओरडत धावताना दिसला, तर पाकीट मारलं गेलं असं समजू नका. त्या गोऱ्याचा गुन्हा एवढाच, की कोरियन रेस्टॉरंटमध्ये जेवून तो टेबलावर टिप ठेवून निघाला. डॉक्टर नाडकर्णी ती नाणी त्याच्या हातात कोंबणार, "इन कोरिया, सर, दिस इज ॲन इन्सल्ट," असं सुनावणार आणि आपलं गार झालेलं सूप प्यायला परत येणार. गोरा बिचारा सॉरी म्हणतो. इंग्लंडात चूक कुणाचीही असो, सॉरी म्हणून टाकायची पद्धतच आहे.

डॉक्टर माझे शेजारी, बायको गेल्यापासून एकटेच. उभा जन्म इथल्या इस्पितळांत लोकांना भूल देण्यात गेला. रिटायर झाल्यापासून ते लोकांना जागेपणी ऐकवतात, परिणाम साधारण तोच. कोरियावरचा त्यांचा अधिकार म्हणजे सोलमधली चार दिवसांची कॉन्फरन्स, त्यातले दोन दिवस पोट बिघडून हॉटेलच्या खोलीत. एवढ्या भांडवलावर लोक प्रवासवर्णन लिहितात. डॉक्टरांनी लिहिलं नाही, हे त्यांचे मराठी वाचकांवर उपकारच.

मी ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर कंपनीत. आमचा एक क्लायंट कोरियन, त्यामुळे ऑफिसातली पोरं अधूनमधून सोलला जायची. जाण्याआधी त्यांना मी डॉक्टरांकडे शिकवणीला धाडायचो. शेजारधर्म म्हणून कुणीतरी बळी द्यावा लागतोच.

"टॅक्सीवाल्याला?"

"टिप नाही!"

"न्हाव्याला?"

"नाही म्हणजे नाही!"

"हॉटेलात बॅग उचलणाऱ्याला?"

"हसायचं, मान झुकवायची. खिशात हात घातलास की संपलास!"

नागपूरच्या एका पोराने शंका काढली, "पण काका, सर्व्हिस एकदम जबरदस्त असली तर?"

"तर पुन्हा जायचं तिथे. टिप म्हणजे काय? आपलं देणंघेणं मिटलं, असं सांगून टाकणं. सगळं कशाला मिटवायचं रे?"

पोरगं आज्ञाधारक. सोलमध्ये दिसेल त्याच्यापुढे वाकून वाकून मान अवघडून परत आलं.

सुरुवातीला मला वाटायचं, म्हातारा चिक्कू आहे आणि चिक्कूपणाला त्याने परदेशी पासपोर्ट काढून दिलाय. पण तसंही नव्हतं. केस कापणाऱ्या टर्किश पोराला, टॅक्सीवाल्याला, डोसा आणून देणाऱ्या वेटरला हे गृहस्थ संस्थानिकाच्या थाटात "कीप द चेंज" म्हणायचे. बंदी फक्त कोरियन दुकानांत, आणि त्यातही खरी कडक मिसेस पार्कच्या रेस्टॉरंटमध्ये.

मिसेस पार्क त्यांच्याच वयाच्या. डॉक्टर त्यांना माझ्याशी बोलताना "वहिनी" म्हणायचे. दर शनिवारी दुपारी डॉक्टर तिथे. त्या दोघांचं संभाषण म्हणजे "ईट", "गुड", "मोअर?", "नो". यातल्या "नो"ला काही किंमत नव्हती, वाटी पुन्हा भरलीच जायची. मग गर्दी ओसरली की वहिनी मोड आलेल्या सोयाबीनचं टोपलं घेऊन समोर बसायच्या आणि एकेक मोडाचं शेपूट खुडायच्या. डॉक्टरही बाह्या सरसावून खुडायला लागायचे. माजी कन्सल्टंट, पण निवडायचा वेग अगदीच बेताचा.

मग वहिनींचा मुलगा धंद्यात आला. हुशार पोरगा, त्याने नवी मेन्यूकार्डं, नवे दिवे आणि नवं बिल आणलं. बिलाच्या तळाशी छापलेलं: ऑप्शनल सर्व्हिस चार्ज, साडेबारा टक्के.

डॉक्टरांनी ते वाचलं. मी बरोबर होतो, कान झाकायच्या तयारीत. पण त्यांनी पैसे दिले, कोट चढवला आणि चालू लागले. पुढच्या शनिवारी गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दुपारी त्यांच्या किचनमधून टोस्ट करपल्याचा वास यायचा.

शेवटी मीच गेलो, नेहमीच्या खवचटपणाने. "डॉक्टर, ऑप्शनल आहे तो. काढायला सांगा. नाहीतर द्या की, टॅक्सीवाल्याला याहून जास्त देता तुम्ही."

"पैशाचं नाही रे," ते म्हणाले. प्लेटमधला टोस्ट नुसताच फिरवत होते. "सुनंदा गेल्यापासून या घरात येणारा प्रत्येक माणूस तासावर येतो. क्लीनर तासावर, माळी तासावर. चांगले आहेत सगळे. मला गोडीने 'लव्ह' म्हणतात आणि घड्याळ बघतात. तिथे एक बाई नुसती समोर बसायची. मला वाटायचं, आपल्यासाठी बसते. आता बिलात छापून आलंय, ती सर्व्हिस होती म्हणून."

मला फार वाईट वाटलं.

शनिवारी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. आम्हाला बघून वहिनी हात पुसत किचनमधून बाहेर आल्या, त्या चिडलेल्याच. "व्हाय नो कम? यू सिक?" आणि उत्तराची वाट न बघता, अख्ख्या रेस्टॉरंटसमोर, त्यांनी डॉक्टरांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. डॉक्टर लहान मुलासारखं कपाळ पुढे करून उभे राहिले. जेवण झालं, आणि सोयाबीनचं टोपलं त्यांच्यापुढे आदळलं गेलं. इतके दिवस दांडी मारल्याची शिक्षाच ती. दोघं बराच वेळ खुडत बसले.

मुलगा बिल घेऊन आला. डॉक्टरांनी ते माझ्याकडे सरकवलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

"तू दे आज. मला बघायचं नाही."

मी बघितलं, साडेबारा टक्क्यांसकट दिलं आणि कागद खिशात कोंबला.

बाहेर येऊन जरा चालून गेल्यावर त्यांनी विचारलं, "होता का रे?"

"छे. काढून टाकलेला दिसतोय."

"वाटलंच मला," ते म्हणाले. मग त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "फुटपाथ निसरडा झालाय."

फुटपाथ ठणठणीत कोरडा होता.

"फारच," मी म्हणालो.