खिंडीतल्या आईस आगगाडीने दगड वाहिला त्याची हकीकत

श्री चुलीमाय साक्ष! या बखरीतले अक्षर न् अक्षर खरे. खोटे निघाल्यास लिहिणारीचे उरलेले दोन दात आजच पडोत. शके अठराशे बारा, विकृतीनाम संवत्सरी, एका राज्यात (नाव घेत नाही, भाऊबंद भांडायला येतील) आक्रीत वर्तले ते ऐसे.

राज्याच्या पार टोकाला लोखंडी दगडाचा डोंगर, आणि तिथून बाहेर पडायला एकच खिंड, आणि खिंडीत आईचे ठाणे. रीत अशी की थांबावे, दर बैलामागे एक दगड आईपुढे ठेवावा, मग पुढे जावे. लमाणांचे तांडे माल लादून येत, थांबत, आणि पुजारीण चिमाबाई गुरवीण त्यांस ताक देई आणि मुलखाच्या बातम्या घेई. तिला मागेपुढे कोणी नव्हते. तांडे थांबत तेच तिचे गोत.

मग सातासमुद्रापलीकडचे टोपीकर दरबारी आले आणि महाराज वदले, "आम्हांकडे डोंगर आहे, द्रव्य नाही, तुम्हांकडे द्रव्य आहे, डोंगर नाही. सोयरीक जमली!" मग खिंडीतून लोखंडी सडक पडली आणि आगगाडी धावली, आणि शिट्टी ऐसी की सात गावच्या म्हशी आटल्या आणि पाटलाच्या टकलावर केस उगवले. आणि तांडे मोडले, आणि गाडी काही थांबेना. चिमाबाईचे ताक आंबू लागले, आणि ताकाहून अधिक चिमाबाई.

मग एके सकाळी बाई पदर खोचून रुळांवर बसल्या. गाडीवान सोमला जुन्या तांड्यातलाच. तो ओरडला, "मावशे, ऊठ! हा बैल नव्हे!"

"बैलाला अक्कल होती, मेल्या, तो थांबायचा! दगड ठेव आणि जा."

"साहेब पगार कापील."

"आई मान कापील. बघ बाबा, काय परवडतंय."

सोमला उतरला. आसपासचे दगड सडकेच्या खडीत गेलेले, म्हणून डब्यातलाच एक उचलून ठेवला.

"आणि मागचे डबे काय बिनबापाचे?" बाई म्हणाल्या.

मग डब्यामागे एक, ऐसे रोज चालले, आणि ढीग इतका वाढला की घारी वळसा घालून जाऊ लागल्या, आणि बंदरात माल कमी भरला, आणि साहेब धावत आले.

"ही चोरी!"

"चोरी कसली? तुमचाच दगड, तुमच्याच गाडीनं वाहिला. न्या की परत!"

साहेबांनी ढीग डब्यांत भरविला. तेव्हा सोमला डोके खाजवत म्हणाला, "सायेब, निघताना पुन्हा डब्यामागे एक ठेवावा लागंल."

साहेब मटकन बसले, ताक प्याले, हसले, आणि हुकूम केला की गाडीने खिंडीत थांबावे. मग काय ते दिवस! इंजिन फुसफुसतेय, लोक ताक पितायत, कोणाची सून नांदत नाही ते चिमाबाईंना सर्वांआधी ठाऊक. पुढे डोंगर सरला, टोपीकर गेले, रूळ उखडले, आणि तांडेही परतले नाहीत. आता खिंडीत वारा तेवढा थांबतो.

सारांश, परक्याचे द्रव्य आले नि गेले. राहता राहिली शपथ. दात प्यारे आहेत म्हणून सांगणे प्राप्त की साहेबांचा तो हुकूम लिहिणारीने पदरचा घातला. त्यांनी थांबण्यास सक्त मनाई केली होती. गाडी तरी रोज थांबे. सोमला सांगे, "सायेब, इंजिनाला इथंच तहान लागते."