दहापैकी साडेपाच

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. एक म्हातारा यंत्रमानव शेवटच्या घटका मोजतोय. निळ्या केसांची कप्तान मुलगी त्याचा हात धरून म्हणते, "तू गेलास तर मला घरी कोण नेणार?" खिडकीबाहेर एक अख्खा तारा विझतोय. आलं रडू?

मला नाही आलं. मला प्रश्न पडला, की तारा विझायला लाखो वर्षं लागतात, हा माझा चहा गार व्हायच्या आत कसा विझला? जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला असे प्रश्न पडायचेच. ते तोंडाबाहेर पडू न देणं हा मात्र माझ्या डाव्या हातचा मळ, अशी माझी समजूत होती.

झालं असं, की माझी नात नव्या शाळेत गेली होती आणि मधल्या सुट्टीत अजून एकटीच डबा खात होती. वर्गाला वेड एकच, ही आकाशातल्या जहाजाची अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टूनची मालिका. म्हणून तिनं वर्गातल्या दोघींना, एक चष्मेवाली आणि एक दोन वेण्यांची, शेवटचा भाग बघायला घरी बोलावलं.

"आजोबा, तुम्ही बसा, पण मत देऊ नका."

"मी कशाला मत देतोय?"

"परवा डॉक्टरांच्या अक्षराला दहापैकी दोन दिलेत. त्यांच्या तोंडावर."

"दीड द्यायला हवे होते. बरं, आज तोंडाला कुलूप."

मी मागच्या खुर्चीत गुपचूप बसलो. यंत्रमानव आचके देऊ लागला, नेमकी तेव्हाच माझी डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली. थेंब घातले, ते गालांवर ओघळले आणि चष्मेवाली मागे वळली.

"अगं, तुझे आजोबा रडतायत."

नातीनं माझ्याकडे कौतुकानं असं पाहिलं, जणू मीच ते जहाज चालवत होतो. बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून मी 'नाही' अशी नुसती मान हलवली. तिथेच घात झाला, त्यांना ते दुःख वाटलं. माझं बघून चष्मेवाली रडली, तिचं बघून दोन वेण्यांची रडली आणि यजमानीण म्हणून नातीनंही सूर लावला. शेजारच्या काकू धावत आल्या.

"काय झालं? कोण गेलं?"

"यंत्रमानव," दोन वेण्यांची हुंदके देत म्हणाली.

काकूंना अर्धंच ऐकू येतं. त्या माझ्या शेजारी बसल्या. "धीर धरा. वय झालं होतं का त्यांचं?"

मी पुन्हा मान हलवली. दुसरं काय करणार?

भाग संपला. चष्मेवालीनं डोळे पुसत विचारलं, "आजोबा, दहापैकी किती?"

दहापैकी म्हटलं, की माझी जीभ परवानगी मागत नाही.

"साडेपाच."

नातीचा चेहरा पडला. मी घाईघाईनं सारवासारव केली, "अगं, माझे साडेपाच मिळाले की शाळेतली मुलं आनंदानं घरापर्यंत पळत जायची."

"मग रडलात कशाला?"

"ते औषध होतं."

चष्मेवालीनं दप्तर उचललं. नात जमिनीकडे बघत राहिली. उद्याचा डबाही एकटीनंच, हे मला तिच्या मानेवरून कळलं. कुलपाची किल्ली गिळून टाकावी असं वाटलं.

तेवढ्यात दोन वेण्यांची हळूच म्हणाली, "वरचा अर्धा कशाचा?"

"यंत्रमानवाच्या चालण्याचा. गुडघे दुखणारा माणूस अगदी तस्साच चालतो."

"मला तर मधले भाग कंटाळवाणे वाटले," ती म्हणाली. "पण वर्गात बोलायची सोय आहे का?"

"कंटाळवाणे?" चष्मेवालीनं दप्तर खाली आपटलं. "कुठला भाग? सांग ना, कुठला?"

मग जी जुंपली! नात कप्तानाच्या बाजूनं, चष्मेवाली यंत्रमानवाच्या, दोन वेण्यांची दोघांच्या विरुद्ध. जाताना तिघी जिन्यातही भांडत होत्या. खालून चष्मेवाली ओरडली, "उद्या डब्याच्या वेळी सिद्ध करून दाखवते!"

नात त्यांना सोडून वर आली, दार लागलं. मी विचारलं, "रागावलीस का गं?"

तिनं मालिकेचा अगदी पहिला भाग लावला, मी उठू नये म्हणून माझ्या दोन्ही पायांवर आडवी बसली आणि म्हणाली, "साडेचार गुण कुठे कुठे कापलेत, ते आता दाखवा."