लूम चालू असताना

सुधीर कर्णिकांनी मान डोलावली, आणि तिथेच त्यांचं चुकलं.

आता यात त्यांचा दोष तो किती? भिवंडीत ज्याच्या बिऱ्हाडाखाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे अशा कुठल्याही नवऱ्याला विचारा. खाली लूम खटॅक-खटॅक चालू असतात, समोर बायकोचे ओठ हलत असतात, ओठ थांबले की आपण मान डोलवायची. संसार सुखाचा होतो. सुधीररावांचा तर पंधरा वर्षं झाला होता. बाळाराम शेठच्या कारखान्याच्या बरोब्बर डोक्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. जमीन अशी थरथरायची की कपातला चहा ढवळावा लागत नसे. (साखर कमी पडल्याची तक्रार मात्र राहायचीच, पण तो भाग वेगळा.)

त्या गुरुवारी संध्याकाळी नीलाताई बराच वेळ काहीतरी बोलल्या. सुधीररावांना वाटलं, उद्या वांगी आणू का म्हणून विचारत असेल. त्यांनी मान डोलावली. जरा जास्तच जोरात, कारण वांगी त्यांना आवडायची.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे लूमना सुट्टी. शुक्रवारी आमच्या भिवंडीत कुणाला धड झोप लागत नाही, इतकं शांत असतं. नीलाताई चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, "मग मी दादाला पत्र टाकते हं. तुम्ही इतक्या चटकन हो म्हणाल असं वाटलं नव्हतं बाई मला!"

"त्यात काय एवढं? पण दादाला कशाला कळवायचं?"

"अहो, न्यूझीलंडला जायचं म्हणजे त्याला नको कळवायला?"

सुधीररावांच्या हातातला कप थरथरला. आणि लूम तर बंद होते.

प्रकरण असं होतं. नीलाताई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांचा दादा ऑकलंडला स्थायिक झालेला. तिकडे शिक्षकांना मागणी आहे, दोघांनी कायमचेच निघून या, असा त्याचा आग्रह होता. फक्त, त्याच्या पत्राप्रमाणे, नवराबायको दोघांनाही आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणार होती. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं.

"एकानं पास होऊन नाही भागायचं?" सुधीररावांनी आशेनं विचारलं.

"नाही. तुम्ही नापास झालात तर माझंही राहिलं," नीलाताई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की ती मान वांग्यासाठी होती हे सांगायचा धीर सुधीररावांना होईना. लग्नानंतर इतक्या वर्षांत ही बाई कशासाठी एवढी आनंदलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यात त्यांचा स्वतःचाही समावेश होता.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं असं नाही. तालुक्याच्या कचेरीत अठरा वर्षं आवक-जावक सांभाळलेली. पण ते इंग्रजी कागदावरचं. 'विथ रेफरन्स टू द अबोव्ह' केल्याशिवाय त्यांचं वाक्य जागचं हलायचं नाही. भीती होती ती काही फक्त परीक्षेची नव्हे. नापास झालो तर हिचं स्वप्न मोडणार. पास झालो तर आपलं बस्तान मोडणार. तिकडे ही रोज शाळेत जाणार, आणि आपण? इथे कचेरीत चार माणसं उठून 'या कर्णिकसाहेब' म्हणतात. (चारांतली दोघं काम असलं तरच, पण म्हणतात.) तिथे घरात बसून आपण करणार काय? साधा चहा करता येत नाही आपल्याला! इकडे आड, तिकडे विहीर, आणि विहिरीवरची पाटी इंग्रजीत.

तेव्हा त्यांनी आमच्या गल्लीत सगळे करतात तेच केलं. लूमवाल्या गल्लीत एक सोय असते. जे तोंडावर बोलायची छाती नाही, ते लूम चालू असताना बोलून टाकायचं. सून सासूला बोलते, भाडेकरू मालकाला बोलतो, कुणाला काही ऐकू जात नाही आणि जीव हलका होतो. रोज संध्याकाळी नीलाताई पाठमोऱ्या पोळ्या लाटत असल्या की सुधीरराव दारात उभे राहून खणखणीत आवाजात सांगायचे, "नीला, मला नाही जायचं! भीती वाटते मला!" मग पोळीला तूप लावून घ्यायचे आणि मुकाट जेवायचे.

एकीकडे अभ्यास सुरू झाला. घरात फक्त इंग्रजी बोलायचं असा नीलाताईंचा हुकूम होता. टेपरेकॉर्डरवर एक बाई विमानतळावरच्या सूचना सांगायची. लूमवर मात करायची म्हणून आवाज पूर्ण मोठा ठेवलेला, त्यामुळे ती बाई विमान चुकलेल्या माणसासारखी किंचाळायची. तिच्यावर मात करायची म्हणून नवराबायको तिच्याहून मोठ्यानं.

एका संध्याकाळी नीलाताईंनी विषय दिला : तुमच्या चांगल्या परिचयाच्या माणसाचं वर्णन करा. सुधीररावांनी घरमालक घेतला. घसा साफ करून ते ओरडू लागले, "विथ रेफरन्स टू बाळाराम शेठ! ही इज ओनर ऑफ धिस बिल्डिंग! बिल्डिंग इज लीकिंग फ्रॉम ऑल साइड्स! बाळाराम इज सेईंग, नेक्स्ट इयर! एव्हरी इयर ही इज सेईंग, नेक्स्ट इयर! बाळाराम इज व्हेरी चिक्कू मॅन!"

'बिल्डिंग'पर्यंत लूम चालू होते. 'लीकिंग'च्या आधी लाईट गेली.

सगळी गल्ली एकदम चिडीचूप, आणि त्या शांततेत सुधीररावांचं इंग्रजी खालच्या पानाच्या टपरीपर्यंत पोचलं. कारागीर बाहेर आले. समोरच्या गच्चीतून माना वळल्या. पाठोपाठ जिन्यावर जड पावलं वाजली आणि दारात साक्षात बाळाराम शेठ. मागे त्यांची म्हातारी आई, आक्का.

"कर्णिकभाव, मना इंग्रजी कलत न्हाय," शेठ म्हणाले, "पन माझा नाव मना कलतंय."

"शेठ, ते... ते आपलं सहज..."

"आन लीकिंग बी कलतंय. पिलंबर त्योच बोलतंय."

"चिक्कू तं मराठीच हाय रं," आक्कांनी मागून पुस्ती जोडली.

सुधीररावांच्या तोंडचं पाणी पळालं. पण नीलाताई पुढे झाल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. परीक्षा, न्यूझीलंड, दोघांनी पास व्हायची अट. शेठ ऐकता ऐकता खुर्चीत बसले. त्यांचा राग गेला तो गेलाच, डोळ्यांत पाणी आलं.

"आवरी मोठी गोष्ट, आन सांगत न्हाय तुमी! आपल्या कारखान्यावरचा मानूस इमानान बसनार! परीक्षेला आवाज आसतो का?"

"नाही, तिथे अगदी शांत असतं," नीलाताई म्हणाल्या.

"मंग रोज संध्याकाली येक तास लूम बंद. माझा शब्द हाय. फकस्त पास व्हायचा, काय कर्णिकभाव?"

सुधीररावांनी मान डोलावली. (सवय!)

घ्या, आगीतून फुफाट्यात! आता रोज संध्याकाळी लूम बंद व्हायचे आणि सारी गल्ली कान देऊन बसायची. जिन्यात कारागीर चहा घेऊन बसायचे. "भाई, आज कौनसा पाठ है?" अशी चौकशी व्हायची. आक्का पाटावर बसून मशेरी लावत कॅसेटमधल्या बाईच्या मागे आकडे म्हणायच्या. आणि सुधीररावांच्या तोंडून शब्द फुटेना. पंधरा वर्षांत घरात हळू बोलायची वेळच आली नव्हती. शांततेत स्वतःचा आवाज त्यांना परक्या माणसाचा वाटायचा. त्यात एक तास लूम बंद म्हणजे शेठचं किती कापड बुडतंय हे गल्लीतला जो तो सांगून जायचा. आता नापास होण्याची सोयच उरली नव्हती.

सगळ्यात वाईट म्हणजे तो तास नेमका पोळ्यांचा. 'नीला, मला नाही जायचं' हे वाक्य रोज ओठांपर्यंत यायचं आणि तिथूनच परत जायचं. सुधीरराव वाळले. कचेरीत त्यांनी आवक जावकमध्ये लिहिली. नीलाताईंना वाटलं, किती मनावर घेतलंय बिचाऱ्यांनी, आणि त्यांनी त्यांच्यासाठी निळ्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. तो रोज चार बोटं वाढताना बघून सुधीररावांना घाम फुटायचा.

परीक्षा मुंबईला होती. निघताना शेठनी नारळ फोडला, आक्कांनी हातावर दही ठेवलं. सकाळचे लेखी पेपर कसेबसे पार पडले. दुपारी तोंडी परीक्षा. सुधीररावांचा नंबर आधी, नीलाताईंचा त्यांच्या पाठोपाठ. त्या बाहेर बाकावर इतर उमेदवारांबरोबर बसल्या.

आत एक गोऱ्यापान, चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या. खोली इतकी शांत की सुधीररावांना आपल्या पोटातलं दही ऐकू येत होतं. बाईंनी हसून नाव विचारलं. सुधीररावांचे ओठ हलले, आवाज आला नाही. गाव विचारलं. तेच. बाईंना वाटलं, माणूस उकाड्यानं गुदमरलाय. त्या उठल्या आणि त्यांनी खिडकीतलं वातानुकूलन यंत्र सुरू केलं.

ते यंत्र फार जुनं होतं. आधी ते खाकरलं. मग धडधडलं. आणि मग त्यानं ताल धरला, खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक.

सुधीररावांचे खांदे सैल झाले. पायांखालची जमीन थरथरू लागली. कितीतरी दिवसांनी आपल्या घरी आल्यासारखं वाटलं त्यांना.

"व्हाय डू यू वॉन्ट टू गो टू न्यूझीलंड?" बाईंचे ओठ हलले.

"विथ रेफरन्स टू युवर क्वेश्चन!" सुधीरराव लूमच्या वरताण आवाजात म्हणाले, "आय डू नॉट वॉन्ट टू गो! माय वाईफ वॉन्ट्स टू गो! शी इज व्हेरी हॅपी, सो आय कॅनॉट टेल हर! आय अ‍ॅम अफ्रेड, मॅडम! देअर शी विल गो टू स्कूल, अँड आय विल सिट इन द हाउस! हिअर आय अ‍ॅम कर्णिकसाहेब! देअर आय अ‍ॅम नोबडी! आय कॅनॉट मेक इव्हन टी!"

बाईंनी खुर्ची जरा मागे घेतली, पण त्या ऐकत राहिल्या. त्यांनी पुढचं विचारलं, त्याच्या पुढचं विचारलं. सुधीरराव बोलत सुटले. आक्का, गळका माळा, शुक्रवारची शांतता, बायकोनं विणलेला निळा स्वेटर, कुठे अडखळणं नाही की काही नाही. शेवटी छातीतलं सगळं रितं झालं, तेव्हा ते उठले, "थँकिंग यू इन अँटिसिपेशन" म्हणाले आणि दार उघडून बाहेर आले.

बाकावरचे सगळे उमेदवार त्यांच्याकडे बघत होते. शिपाई बघत होता. नीलाताई बघत नव्हत्या. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उठल्या आणि आत गेल्या.

ठाण्यापासून एसटीत दोघं शेजारी बसले होते. कशेळीचा पूल गेला.

"आवाज... बाहेर येत होता का गं?" सुधीररावांनी विचारलं.

"रस्त्यापलीकडे सरबतवाला होता ना, तो तेवढा लिंबू पिळत होता. त्यानं कदाचित ऐकलं नसेल."

सुधीरराव खिडकीबाहेर बघू लागले.

"एवढं सगळं त्या परक्या बाईला सांगितलंत," नीलाताई म्हणाल्या, "मला का नाही कधी सांगितलंत?"

"सांगितलं की. रोज सांगत होतो."

"कधी?"

"लूम चालू असताना."

नीलाताईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. "मीही सांगायचे," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"तू? काय सांगायचीस?"

"ते असू दे. तुम्ही मान डोलवायचात."

नंतर निकाल आला. वाचन बेताचं, लेखन बेताचं, ऐकणं काठावर. पण बोलण्यात सुधीररावांना नीलाताईंपेक्षाही जास्त गुण! म्हणजे काय, 'मला जायचं नाही' हे त्यांनी इतक्या उत्तम इंग्रजीत सांगितलं होतं, की आता जाण्यावाचून सुटका नव्हती. शेठनी गल्लीत पेढे वाटले आणि लूम पुन्हा पूर्ण वेळ चालू केले.

त्या संध्याकाळी नीलाताई त्यांच्यासमोर बसल्या आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाल्या, "तुमचा जीव रमणार नसेल तर मी नाही जात. खरं सांगा."

सुधीररावांनी पहिल्यांदाच मान डोलावली नाही. त्यांनी विचार केला. "जाऊ या," ते म्हणाले. "पण घरात बसून मी काय करू, तेवढं सांग."

"स्वयंपाक," नीलाताई म्हणाल्या. "इंग्रजी झालं ना? आता वरण-भात. उद्यापासून अभ्यास."

सुधीरराव तयार झाले, पण एका अटीवर. ही गोष्ट गल्लीत कुणाला कळता कामा नये. न्यूझीलंडला निघालेले कर्णिकसाहेब घरात तांदूळ धुतात, ही बातमी कचेरीपर्यंत गेली तर काम नसताना उठणारे दोघंही उठायचे बंद होतील. नीलाताईंनी वचन दिलं. आणि लूमचा आवाज होताच की सोबतीला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीलाताई मोरीत भांडी विसळत होत्या. सुधीरराव कमरेला नीलाताईंच्या जुन्या साडीचा पदर खोचून कुकरसमोर उभे होते. कुकर फुसफुसला, तसा त्यांना तोच जुना परीक्षेचा घाम फुटला आणि त्यांनी सगळा जीव एकवटून आरोळी ठोकली, "नीलाऽऽ! भाताला शिट्ट्या किती काढू?"

'भाताला'च्या आधी लाईट गेली होती.

गल्ली चिडीचूप झाली. कुणी हसलं नाही, कुणी खोकलं नाही. मग खालून, काळोखातून, आक्कांचा ठणठणीत आवाज आला.

"थिरी, कर्णिकसायेब! थिरी!"