मोडायला किती वेळ लागतो?

भिंगारदिवे सिस्टर लग्नाला गेल्या की दाराजवळच्याच खुर्चीवर बसतात. आहेर, फोटो, आइस्क्रीम, सगळं तिथूनच. स्कूटर लावतात तीही तोंड रस्त्याकडे करून. एकदा मी कारण विचारलं. म्हणाल्या, "सर, तीस वर्षं दवाखान्यात काढली. कुठंबी जा, सुटता आलं पाहिजे."

सावेडीत आमच्या समोरच्या घरात त्या एकट्याच भाड्यानं राहायच्या. निवृत्त झाल्या तरी गल्लीत कुणाला ताप आला की हाक त्यांनाच. आणि पैशाचा प्रश्न आला की त्यांची हाक मला, कारण मी शाळेत गणित शिकवायचो.

गेल्या वर्षी त्यांनी राहात्यातला प्लॉट विकला. एकोणीस लाख खात्यात आले. जवळच तळमजल्याचा एक फ्लॅट ठरला होता, पण मालकाला तो रिकामा करायला चार महिने हवे होते. तेवढे चार महिने पैसे ठेवायचे कुठं?

सल्ल्यांना तोटा नव्हता. पुतण्या म्हणाला, शेअरमध्ये टाका. एका पतसंस्थेचे गृहस्थ तर स्टीलचा डबा भेट घेऊनच आले. "व्याज भरपूर देतो, फक्त वर्षभर हात लावायचा नाही."

सिस्टरनी डबा परत दिला. "मला चार म्हैन्यांनी घर घ्यायचंय. डबा न्हाई."

मग आम्ही बँकेत गेलो. मॅनेजर व्याजाचा तक्ता काढू लागला.

"व्याजाचं नंतर. आधी सांगा, मोडायला किती वेळ लागतो?"

"मॅडम, अजून ठेव ठेवलीच नाही!"

"पेशंट ॲडमिट करतानाच मी डिस्चार्जचं इचारते."

नुसत्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दहा हजारांची ठेव केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मोडली. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. बावीस मिनिटं. "पास," म्हणाल्या. दुसऱ्या बँकेतला कारकून "उद्या या" म्हणाला. ती बँक जागच्या जागी नापास.

एका बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंतच विमा असतो, असं मी बोलून गेलो आणि स्वतःच अडकलो. आता चार बँका पास व्हायला हव्या होत्या! आठवडाभर मी स्कूटरवर मागं बसून नगर पालथं घातलं. निवडलेल्या बँकांना सिस्टरनी नंबर दिले, वॉर्ड एक ते वॉर्ड चार. प्रत्येक वॉर्डात लहान लहान ठेवी, म्हणजे थोडी गरज पडली तर सगळं मोडायला नको. गल्ली हसत होती. खरं सांगायचं तर मीही.

तिसऱ्या महिन्यात फ्लॅटच्या मालकाचा फोन आला. त्याला दुसरं गिऱ्हाईक जास्त देत होतं. शब्द तर फिरवायचा होता, पण दोष सिस्टरच्या माथी मारून. "परवाच रजिस्ट्री करू. पूर्ण रक्कम तयार नसली तर व्यवहार संपला."

मी घाईघाईनं ठेवींची बेरीज करू लागलो. सिस्टर म्हणाल्या, "चला सर, राउंड घेऊ."

दुसऱ्या दिवशी बँका उघडायच्या वेळी आम्ही वॉर्ड एकच्या दारात होतो. तिसऱ्या वॉर्डात तर शिपायानंच फॉर्म पुढं केला. दीड वाजता सगळी रक्कम एका खात्यात, अडीचला मालकाच्या नावाचा डीडी पर्समध्ये. सिस्टरनी तिथूनच त्याला फोन लावला. "पैसे तयार हायेत. उद्या तुमी वेळेवर या म्हंजे झालं."



रजिस्ट्री झाली. गल्लीत पेढे वाटले गेले. जे हसले होते तेच आता "सिस्टर, तो वॉर्ड दोन कुठं आला हो?" म्हणून विचारू लागले. महिनाभरानं फ्लॅट रिकामा झाला, तेव्हा मालकानंही किल्ल्या देताना हात जोडले.

मी रिकाम्या फ्लॅटमधून फिरत होतो. म्हटलं, "सिस्टर, एकट्या माणसाला दोन बेडरूम कशाला? एकीत भागलं असतं."

त्या खिडक्या उघडत होत्या. "आतली खोली हौसाबाईची. आमच्या वॉर्डात आया हुती. तिलाबी कुनी न्हाई."

"बरं झालं. तुमचं सगळं बघेल ती."

"ती काय बघती! तिला दमा हाय." त्यांनी शेवटची खिडकी ढकलली. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "तीस वर्षं माणसांच्या आवाजात काढली, सर. घरात कुनी खोकलं न्हाई, तर झोपच लागत न्हाई मला."