तीन तासांचा रस्ता

लेकीने पाठवलेलं विमानाचं तिकीट काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि त्यांचा पारा चढला. सकाळी दहाला सुटणार, दुपारी एकला पोचणार. म्हणजे अवघ्या तीन तासांचा रस्ता! आणि पोरगी म्हणे, "फार लांब पडतं हो बाबा." म्हणून दोन वर्षांतून एकदा तोंड दाखवणार.

काकू म्हणाल्या, अहो, तिला एकदा विचारून तरी बघा. पण ज्याचा उभा जन्म बस चालवण्यात गेला, त्याला वेळापत्रक कोण शिकवणार? विचारायचं ते समोरासमोर, असं काकांनी ठरवून टाकलं. गुडघ्यांमुळे काकू घरीच राहणार होत्या. त्यांनी डबा भरून दिला. जेवायला लेकीकडेच जायचंय तर ओझं कशाला, म्हणून काकांनी तो पिशवीतून काढून ठेवला. काकूंनी गुपचूप परत सरकवला. संसार असेच टिकतात.

विमानात जेवण आलं तेव्हा काकांनी हात जोडले. भूक मोडायची नव्हती. लेकीला काय काय सुनवायचं, त्याची मनात जुळवाजुळव चालू होती. हीच पोर लहानपणी सुट्टीत त्यांच्या बसमध्ये, त्यांच्या सीटमागे बसून यायची. दर पाच मिनिटांनी विचारायची, "बाबा, अजून किती?" आणि काका म्हणायचे, "आलंच. त्या वळणापलीकडे." वळणं संपायची नाहीत, पण ती दरवेळी विश्वास ठेवायची. काय गोड दिवस होते ते! आणि आता बापालाच अंतर सांगायला लागली.

मनगटावर पावणेएक झाला तसे काका उठले, पिशवी काढली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. गर्दी व्हायच्या आत दार गाठावं, ही बसची शिस्त.

"काका, काही हवंय का?" हवाईसुंदरीने विचारलं.

"काही नको. उतरायचंय. एकला पोचतो ना आपण?"

ती हसली नाही, हे तिचे उपकार. "तिथल्या घड्याळात एक, काका. ते आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. अजून साडेअकरा तास बसायचंय."

काका पिशवीसकट जागेवर परतले. खाली नुसतं पाणी. ना वळण, ना थांबा. भुकेने जीव कासावीस झाला तेव्हा पिशवीत हात घातला, तर डबा लागला. पहिल्या घासाला काकू आठवल्या, दुसऱ्याला लेक. गेल्या खेपेला तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन ती एकटी हाच रस्ता आली होती, आणि काका दारातच म्हणाले होते, "एवढी दमायला काय झालं? बसूनच तर आलीस." हातातला घास त्यांनी डब्यात परत ठेवला.

विमान उतरलं तेव्हा काकांचे पाय सुजले होते आणि जुळवलेलं भाषण वाटेतच कुठेतरी बुडालं होतं. लेकीने पिशवी घेतली, त्यांना गाडीत बसवलं आणि गाडी सुरू केली.

"लांब पडलं का हो, बाबा?"

"हो ग," काका म्हणाले. "फार लांब पडतं तुला."

काकांचे डोळे मिटायला लागले. "अजून किती?" त्यांनी विचारलं.

"आलंच," लेक म्हणाली. "त्या वळणापलीकडे."

रस्ता नाकासमोर सरळ होता, हे काकांना दिसत होतं. त्यांनी विश्वास ठेवला आणि झोपले.